प्रकल्प क्रमांक चार : आईसाठी स्टूल

माणसाच्या हातून काय घडले यापेक्षा ते कुठे नोंदवले आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. जगातली पुष्कळ कामे केवळ नोंद नसल्यामुळे झालेली नाहीत, आणि पुष्कळ कामे केवळ नोंद असल्यामुळे झालेली आहेत. परभणीचे धम्मानंदराव वाव्हळे या सत्याच्या सोबतीने एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षे राहिले. त्यांच्या टेबलावरून गेलेली एकही फाईल कधी हरवली नाही. (ती पुढे निकाली निघाली का, हा प्रश्न त्यांच्या कक्षाच्या अखत्यारीत येत नव्हता.)

गेल्या वर्षी जूनअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात सहा भाषणे झाली. पाच वक्त्यांनी त्यांना छंद जोपासण्याचा सल्ला दिला. सहाव्याने काय सांगितले ते माईक बंद पडल्यामुळे कळू शकले नाही. धम्मानंदरावांनी बहुमताचा मान राखला. छंद कोणता, हे मात्र ठरलेले नव्हते. ते फोनने ठरवले. एका दुपारी त्यांना फोनवर एक दाढीवाला परदेशी गृहस्थ फळीवरून रंधा फिरवताना दिसला. रंध्यातून लाकडाची पातळ सालपटे गुंडाळून बाहेर पडत होती, थेट जुन्या फायलीतल्या कागदांसारखी. धम्मानंदरावांना एकदम आपलेपणा वाटला.

आठवडाभरात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेवीस फळ्या आणि एक्केचाळीस हत्यारे येऊन पडली. पहिल्याच दिवशी त्यांनी पहिल्याच फळीवर करवत धरली आणि ती डाव्या अंगठ्यावर चालली. तीन टाके पडले. अंगठा गुंडाळून घरी बसलेले असताना त्यांना 'रंधावही' सापडली.

'रंधावही' हे लाकूडकामाचा छंद असणाऱ्यांसाठीचे सॉफ्टवेअर आहे. कोणते काम हाती घेतले, कोणते लाकूड कुठे ठेवले, कोणते हत्यार केव्हा धार लावायला काढायचे, हे सगळे त्यात भरता येते. ते मराठीतही चालते. (एक फळी नोंदवली की 'आपली फळी यशस्वी झाला आहे' असा निरोप येतो. भाषेच्या बाबतीत धम्मानंदराव काटेकोर होते. पण शासकीय परिपत्रके वाचून त्यांची सहनशक्ती वाढलेली होती.) हा शोध लागल्यापासून आजतागायत त्यांनी करवतीला हात लावलेला नाही आणि त्यांना दुसरा अपघातही झालेला नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे सॉफ्टवेअर किती परिणामकारक आहे, ते यावरून लक्षात यावे.

नोंदणीचे काम त्यांनी जिद्दीने पुरे केले. प्रत्येक फळीवर चौकोनी चिठ्ठी चिकटवली. फोन धरला की त्या फळीची सगळी कुंडली पडद्यावर यायची. हत्यारांना नंबर दिले. स्क्रू मोजले, ते सहाशे अठरा भरले. दुसऱ्या खेपेला सहाशे सतरा भरले म्हणून तिसऱ्यांदा मोजले. सॉफ्टवेअरमध्ये 'संघटन निर्देशांक' नावाचा एक आकडा असतो. माणूस किती टापटिपीने छंद करतो ते त्यावरून कळते. धम्मानंदरावांचा निर्देशांक सातव्या आठवड्यात ब्याण्णव झाला आणि त्यांना 'महाकारागीर' ही पदवी मिळाली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना दोनदाच बढती मिळाली होती. त्यामुळे त्या दिवशी त्यांनी पेढे आणले, हे समजण्यासारखे आहे.

ऑगस्टमध्ये राणीसावरगावहून त्यांच्या आई सरजाबाई गुडघ्यांच्या इलाजासाठी परभणीला आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, उंची साडेचार फूट. उभा जन्म उकिडवे बसून खुरपण्यात गेलेला. डॉक्टरांनी फोटो पाहिला, गोळ्या दिल्या आणि सांगितले की यापुढे खाली बसायचे नाही; अंघोळीलासुद्धा पाट नको, उंचसे काहीतरी घ्या.

धम्मानंदरावांच्या पत्नी संघप्रिया एका माध्यमिक शाळेत शिक्षिका होत्या. शिक्षकी पेशातल्या असल्यामुळे त्यांना सरळ उत्तर काढायची वाईट खोड होती. "उद्या शाळेतून येताना प्लास्टिकचं स्टूल घेऊन येते," त्या म्हणाल्या.

"प्लास्टिकचं?" धम्मानंदराव दुखावले. "घरात तेवीस फळ्या, एक्केचाळीस हत्यारं. आणि माझी माय प्लास्टिकवर बसंल? मी स्वतः करून देतो."

सरजाबाईंचे डोळे भरून आले. "राहू दे गं पोरी," त्या सुनेला म्हणाल्या. "लेक सोताच्या हातानं करतो म्हन्तोय. दोन दिस काढते मी कसंबी."

(दोन दिवस हा कालावधी सरजाबाईंनी कशाच्या आधारे धरला, याची नोंद सापडत नाही.)

धम्मानंदरावांनी तातडीने काम हाती घेतले, म्हणजे फोन हाती घेतला. पण तिथे एक अडचण निघाली. 'रंधावही'च्या फुकट आवृत्तीत एका वेळी तीनच प्रकल्प चालू ठेवता येतात, आणि त्यांचे तीन आधीच चालू होते. एक, पुस्तकांची मांडणी : विचाराधीन. दोन, संघप्रिया यांच्यासाठी पोळपाट : लाकडाच्या जातीबाबत अभिप्राय अपेक्षित. तीन, टपालपेटी : घरी टपाल येणे बंद झाल्याने फेरविचार. चौथा उघडायला गेले की निरोप यायचा, 'कृपया आधी एक प्रकल्प पूर्ण करा.'

त्यांनी एक दिवस विचार केला. मग पोळपाटावर अंगठा ठेवून 'पूर्ण' दाबले. काम पूर्ण करायला सॉफ्टवेअरला रंधा लागत नाही, करवत लागत नाही. अंगठा लागतो, आणि तो आता बरा झाला होता. पडद्यावर फटाके फुटले. 'अभिनंदन! आपला पोळपाट पूर्ण झाली आहे.'

काम इतके सोपे असते हे धम्मानंदरावांना तोवर माहीत नव्हते. ते फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"झाला बरं का तुझा पोळपाट."

"कुठाय?" संघप्रियांनी विचारले.

"पूर्णमध्ये."

संघप्रियांनी फोनकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि जुन्या, एक पाय निखळलेल्या पोळपाटावर पुढची पोळी लाटायला घेतली.

अशा रीतीने प्रकल्प क्रमांक चार, 'आईसाठी स्टूल', रीतसर सुरू झाला. सप्टेंबरमध्ये संदर्भचित्रे गोळा झाली : चौसष्ट. त्यांतली जपानी स्टुले वेगळी काढली : एकोणीस. आराखड्याची पहिली प्रत तयार झाली, आणि तिच्यात त्रुटी आढळल्यामुळे दुसरी. महिनाअखेर सातवी प्रत अंतिम ठरली. पाय चार ठेवावेत की तीन, यावर धम्मानंदरावांनी 'रंधावही'च्या चर्चापटलावर मत मागवले. नागपूरच्या एका महाकारागिराने चार सुचवले, कोईमतूरच्या एकाने 'आपण कोणते वॉर्निश वापरता' असे उलट विचारले, आणि ती चर्चा अकरा दिवस फार उद्बोधक झाली. लाकूड म्हणून फळी क्रमांक अकरा, सागवानी, निश्चित झाली. मात्र सॉफ्टवेअरच्या मते लाकडातला ओलावा बारा टक्क्यांहून जास्त नसावा, आणि फळी क्रमांक अकराचा चौदा होता. धम्मानंदरावांनी ओलावा मोजायचे यंत्र मागवले होते. रोज सकाळी ते त्याच्या दोन सुया फळीत टोचायचे, आकडा वहीत भरायचे आणि बाहेरच्या आभाळाकडे नापसंतीने पाहायचे.

या काळात सरजाबाई उभ्याने अंघोळ करत होत्या. एका हातात नळ, दुसऱ्या हातात सून. सुनेची शाळा सकाळची असल्यामुळे हा सोहळा तांबडे फुटताच उरकावा लागे. दोन महिन्यांनी सरजाबाईंनी स्वतःच एक तोड काढली : बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे. "लय बेस हाय," त्या म्हणाल्या. चौदा दिवस ते बेस होते. पंधराव्या दिवशी बादलीच्या बुडाला तडा गेला आणि सरजाबाई कोबावर आदळल्या.

आवाज ऐकून धम्मानंदराव धावले. आईला त्यांनी दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणले. ती एवढी हलकी झाली आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ऑटोत बसून दवाखान्यात जाईपर्यंत ते तिच्या पायांवरून हात फिरवत होते. मनगट मुरगळले होते, कोपर सोलटले होते. हाड शाबूत होते. घरी आल्यावर त्यांनी आईला अंथरुणावर निजवले, शेडमध्ये गेले आणि लिहिले : 'पर्यायी आसन (बादली), चाचणी. भार ४३ किलो. निष्कर्ष : अयशस्वी.' नोंद जतन झाली तसे त्यांना बरे वाटले.

संघप्रियांना असे लिहून बरे वाटण्याची कला अवगत नव्हती. त्यांनी नागेशला बोलावले.

नागेश हा पिंगळीचा सुतार. शाळेचे बाक, दारे, फळे तोच नीट करायचा. रविवारी सकाळी तो गाडीवरून आला, चपला काढून आत गेला आणि म्हणाला, "आजी, जरा भिंतीला धरून उभ्या राहा." सरजाबाई उभ्या राहिल्या. नागेश फरशीवर बसला आणि त्याने त्यांच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत हाताची वीत लावली.

"दीड वीत आन् दोन बोटं," तो म्हणाला.

धम्मानंदरावांना राहवले नाही. त्यांनी फोनवर आराखड्याची सातवी प्रत काढून त्याच्यापुढे धरली. "उंची अठरा इंच," ते म्हणाले. "प्रौढ मानव, सर्वसाधारण. मानक माप आहे हे."

नागेशने चित्र नीट पाहिले. चित्र खरोखर सुरेख होते. ते सगळ्या बाजूंनी फिरवता येत होते. "चांगलं हाय की साहेब," तो म्हणाला. "पर याच्यावर आजीचे पाय टेकणार न्हाईत. लोंबतेत."

"माप जागतिक आहे."

"आसंल. बसनार तर आजी हायत."

धम्मानंदरावांनी बसणाऱ्याचा रकाना शोधला. लाकडाची जात होती, वय होते, रेषांची दिशा होती, कापणाऱ्याचा अनुभव होता. बसणाऱ्याचा रकाना नव्हता. "तशी तरतूद नाही," त्यांनी सांगितले.

नागेश उठला. तो शेडमध्ये गेला, भिंतीला टेकवलेल्या फळ्यांवरून त्याने हात फिरवला आणि नेमकी क्रमांक अकरा बाहेर ओढली. "ही द्या. दुपारपर्यंत करून देतो इथंच."

"तिला कापता येणार नाही."

"काऊन?"

"एका फळीचे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याला नवा नंबर पडतो आणि जुना नंबर रद्द करावा लागतो. रद्द करायचं तर कारण द्यावं लागतं."

"कारन काय, स्टूल केलं."

"ते यादीत नाही." धम्मानंदरावांनी यादी दाखवली : कीड लागली, भिजली, हरवली, चोरीस गेली, इतर. ('इतर' हे कारण फुकट आवृत्तीत निवडता येत नाही.)

नागेशने फळी होती तशी परत टेकवली. चहा घेतला. जाताना दारात संघप्रियांना म्हणाला, "ताई, साहेबांचं लाकूड लय मोलाचं हाय. माज्याकडं बाभळीचे तुकडे पडलेत, त्याचं करून टाकतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्टूल देऊन गेला. चार जाड पाय, वर दोन फळकुटे, हाताला लागू नयेत म्हणून घासलेल्या कडा, आणि उचलायला मध्ये एक भोक. पॉलिश नाही, आराखडा नाही, नंबर नाही. त्या वेळी धम्मानंदराव घरी नव्हते. ओलावा मोजायच्या यंत्राचे सेल आणायला बाजारात गेले होते. संघप्रियांनी स्टूल सरळ न्हाणीत नेऊन ठेवले.

सरजाबाई त्यावर बसल्या. त्यांचे पाय फरशीला बरोबर टेकले. त्यांनी तांब्याने अंगावर पाणी घेतले, मग आणखी घेतले, पाण्याचा अख्खा हंडा संपवला आणि आतूनच म्हणाल्या, "तीन म्हैने हकनाक उभी न्हायले की गं मी."

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी धम्मानंदरावांना न्हाणीत एक नोंद नसलेली लाकडी वस्तू आढळली. त्यांनी यंत्राच्या सुया टोचल्या. ओलावा एकतीस टक्के होता.

"हे भिजवलं कोणी?" त्यांनी विचारले.

"न्हाणीतलं स्टूल आहे हो," संघप्रिया म्हणाल्या. "भिजणारच."

धम्मानंदरावांनी त्यांना शांतपणे समजावून सांगितले. कच्चे लाकूड पाण्यात ठेवणे म्हणजे लाकडाचा खून. आधी ते सावलीत एकवीस दिवस वाळायला हवे. मग तेलाचे पाच हात, दोन हातांत सात दिवसांचे अंतर. मग चाचणी. मायसाठी आलेली वस्तू चार महिन्यांत कुजून गेली तर लोक कोणाला नावे ठेवतील? आईबद्दल त्यांना जी माया होती ती या सगळ्या बोलण्यातून स्पष्ट दिसत होती, फक्त ती क्रमवार होती. संघप्रिया म्हणाल्या, "मग तोवर आत्यांनी काय करायचं?" धम्मानंदराव म्हणाले, "तोच तर मुद्दा आहे. घाई केली की असं होतं."

त्यांनी स्टूल पुसले, खालच्या बाजूला चौकोनी चिठ्ठी चिकटवली आणि हत्यारांच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. प्रकल्प क्रमांक चारसमोर त्यांनी लिहिले : 'पूर्ण. वापरण्यास खुले नाही.' कारागिराचे नाव त्यांनी लिहिले नाही. खोटे लिहिणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या रकान्यात खातेदाराचे नाव आपोआप येते.

सरजाबाई पुन्हा नळ धरून उभ्या राहिल्या. मुरगळलेले मनगट दुखत असल्यामुळे आता नळ डाव्या हातात आणि सून उजव्या हातात, एवढाच बदल झाला.

जानेवारीत शहरातल्या एका सेवानिवृत्त मंडळाने सभासदांच्या छंदांचे प्रदर्शन भरवले. मंडळाचे अध्यक्ष परमेश्वरराव हे जुने हिशेबतपासनीस. त्यांनी परीक्षणासाठी शंभर गुणांचा तक्ता केला होता. वस्तूला वीस गुण. उरलेले ऐंशी कागदपत्रांना, कारण वस्तू काय, कोणीही आणून ठेवतो.

धम्मानंदरावांनी स्टूल आणि एकशे चौदा पानांचा छापील अहवाल मांडला. शेजारच्या टेबलावर सिताराम नावाच्या निवृत्त बसचालकाने स्वतः केलेला पाळणा आणला होता. त्यात त्यांची चार महिन्यांची नात झोपली होती. परीक्षकांनी कागदपत्रे मागितली तेव्हा सिताराम म्हणाले, "पोरगी झोपायलीय ना त्यात." हा पुरावा ग्राह्य धरण्यात आला नाही. उलट वापरलेली वस्तू मांडल्याबद्दल त्यांचे पाच गुण कापले. (पाळण्याला उणे पाच मिळालेले असतानाही नात झोपूनच राहिली.)

लेकाचा सत्कार आहे म्हणून संघप्रियांनी सासूबाईंना सोबत आणले होते. सभागृहाच्या नऊ पायऱ्या चढून सरजाबाई वर आल्या तेव्हा त्यांचे गुडघे थरथरत होते. समोर त्यांना आपले स्टूल दिसले. त्या सावकाश चालत गेल्या आणि त्यावर बसल्या.

परमेश्वरराव छातीवरचा बिल्ला सावरत लगबगीने आले. "आजी, उठा उठा. तिथं बसायचं नसतं. प्रदर्शनातलं आहे ते."

"स्टूल हाय की."

"आहे. पण ते बघायचं आहे."

"मंग बसून बगते की," सरजाबाई म्हणाल्या.

आजूबाजूचे लोक हसले. परमेश्वररावांनी एका बाजूने आणि धम्मानंदरावांनी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उठवले. मंडळाने तत्परतेने एक प्लास्टिकची खुर्ची आणली. संघप्रियांनी त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिले.

सरजाबाईंनी लेकाची बाही धरली. "धम्मा," त्यांनी हळूच विचारले, "ते माजंच हाय ना रं?"

"तुझंच आहे, माय," धम्मानंदराव म्हणाले. "तुझ्याच नावावर आहे."

मग माईकवर त्यांचे नाव पुकारले गेले आणि ते व्यासपीठावर गेले.

पहिला क्रमांक त्यांना मिळाला. भाषण अर्ध्या तासाचे झाले. तीन प्रकल्पांवरून चौथ्यावर कसे जायचे, स्क्रू किती वेळा मोजावेत, ओलाव्याच्या नोंदी चुकल्या तर काय अनर्थ होतो, हे त्यांनी पडद्यावर दाखवले. श्रोत्यांनी सव्वीस प्रश्न विचारले. सव्वीसही सॉफ्टवेअरबद्दल होते. एका गृहस्थांना लाकूडकामात रस नव्हता, पण नोंदी ठेवण्यात होता. त्यांना लाकूड न घेताही खाते उघडता येईल, असे धम्मानंदरावांनी सांगितले आणि सभागृहात समाधानाची कुजबुज झाली. शेवटी स्टुलाची निवड विभागीय प्रदर्शनासाठी झाल्याचे जाहीर होऊन ते मंडळाच्या कपाटात जमा करण्यात आले. पोच मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरजाबाईंनी पिशवी भरली.

"इलाज अर्धा राहिलाय आत्या," संघप्रिया म्हणाल्या.

"गोळ्या घेते ना मी तिकडं. रागं न्हाई गं भरले," सरजाबाई म्हणाल्या. "तिकडं आंगनात धुन्याचा धोंडा हाय. उंच हाय. त्याला कुनी कपाटात घालत न्हाई."

धम्मानंदराव त्यांना गावाकडे जाणाऱ्या गंगाखेडच्या गाडीत बसवायला गेले. रस्ताभर त्यांना काहीतरी सांगायचे होते. पाच हातांपैकी तेलाचा एकच हात राहिला आहे, विभागीय प्रदर्शन मार्चमध्ये आहे, असे काहीसे. सरजाबाईंनी एसटीच्या दाराचा दांडा धरला, पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला आणि दुसरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून वर घेतला. धम्मानंदराव मागे हात पसरून उभे राहिले. पायरी जमिनीपासून पंधरा-सोळा इंच असावी, असे त्यांच्या मनात आले. ती नोंद त्यांनी केली नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच होते, आणि कंट्रोलरने दोनदा विचारले, "कुठं जायचंय साहेब?"

घरी आले तर फोनवर निरोप आलेला होता. 'प्रकल्प ४ : वापरकर्त्याचा अभिप्राय प्रलंबित.' अभिप्राय नसेल तर प्रकल्प बंद करण्याचे कारण निवडायचे होते. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली, आणि 'गरज उरली नाही' यावर बोट ठेवले. निर्देशांक शंभर झाला. फटाके फुटले. धम्मानंदराव शेडमध्ये बराच वेळ उभे होते. बसायला तिथे काही नव्हते.

पुढे असे ऐकिवात आले की संघप्रियांनी पिंगळीला जाऊन नागेशकडून आणखी एक स्टूल करून घेतले, रविवारी ते मांडीवर घेऊन एसटीने राणीसावरगाव गाठले, आणि तेव्हापासून तिथल्या एका न्हाणीत एक म्हातारी रोज बसून, पाय टेकवून, मनसोक्त अंघोळ करते. पण या स्टुलाला नंबर नाही, चिठ्ठी नाही, आराखडा नाही, आणि ते नेहमी ओले असते. कोणत्याही दप्तरात त्याचा उल्लेख आढळत नसल्यामुळे असे काही घडले आहे, असे ठामपणे म्हणता येत नाही. सप्रमाण एवढेच सांगता येते की विभागीय प्रदर्शनात पहिल्या स्टुलाला विशेष प्रशस्तिपत्र मिळाले.

ही हकिकत छापायला देण्यापूर्वी अकरा जणांना वाचायला दिली होती. नऊ जणांनी वाचून झाल्यावर विचारले, 'रंधावही' कुठल्याही फोनवर चालते का. दहाव्याने विचारले, लाकडाऐवजी बागकाम भरता येईल का. अकराव्याने काही विचारले नाही. त्याने वाचता वाचताच 'रंधावही' फोनवर उतरवून घेतली होती. सरजाबाईंचे गुडघे आता कसे आहेत, हे एकानेही विचारले नाही. आपण बारावे. आपणही विचारले नसल्याची नोंद घेण्यात आली आहे.